बाबाचा खोटा जबाब

(अभ्यासवर्गातलं भाषण. बोलण्यात जसं आलं तसंच ठेवलंय, पाल्हाळ तेवढा कापलाय.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'संशोधक' असं छापलंय. ते खोडा. मी एका कंपनीत हिशेब लिहितो. दहा ते सहा दुसऱ्याच्या वह्या. कागद वाचायची आणि बेरीज कुठं चुकते ते हुडकायची सवय आहे, तेवढीच माझी लायकी. मोठमोठ्या संशोधकांना आपल्या माणसांवर प्रबंध लिहून पीएच.ड्या मिळाल्या. मला फक्त एक माणूस सापडलाय, आणि तोही धड नाही.

हा माणूस माझा पणजा. घरात त्याला सगळे 'बाबा' म्हणतात. नाव सांगणार नाही. माझ्या चुलत्यांना तसा शब्द दिलाय, का दिला ते पुढे कळेल. गावही सांगणार नाही. नाशिक जिल्हा, देशावरचं गाव, पाण्याची बोंब, एवढं पुरे.

आमच्या घरात बाबाची एक कथा आहे. तुमच्याही घरात अशी एखादी असणारच. कुणाचा आजा महाडला तळ्यावर होता, कुणाच्या पणज्यानं बाबासाहेबांच्या गाडीला धक्का मारला होता. सगळ्यांचे आजे-पणजे तिथं असते तर महाडात उभं राहायला जागा उरली नसती. हसू नका, मीही त्यातलाच. आमची कथा काळारामाची. बाबा नाशकाच्या सत्याग्रहाला गेला, रथापाशी त्याचं डोकं फुटलं, तुरुंगात बसला, परत आला आणि गावची महारकी लाथाडली. हे मला सांगितलं वडलांच्या आत्यानं. आम्ही तिला मोठी आत्या म्हणायचो. ती १९९८ साली गेली. ती सांगायची, "म्या पाच वर्साची व्हते. बाबा राती आला. डोक्याला आयचं लुगडं फाडून बांधलं व्हतं, त्याला हळद लागली व्हती. मला वाटलं, बाबाचं लगीन झालं का काय."

हे वाक्य कुणी बनवून सांगत नाही. म्हणून माझा विश्वास होता. पण विश्वास ठेवणं वेगळं आणि शोधणं वेगळं.

शोधायची वेळ आली ती इतिहासाच्या प्रेमानं नाही. भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. जात पडताळणीला कागद पाहिजे, तो १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. आता गंमत बघा. १९५६ला आपण दीक्षा घेतली, जो शब्द टाकला तो टाकला. आणि पोरीला शिकायचं तर तोच शब्द कुठल्या तरी कुजक्या वहीत कुणी तरी शाईनं लिहिलेला असला पाहिजे. तो सापडला तर आनंद करायचा! मी केला. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात, १९२८ सालच्या दाखल्यात, 'महार' असं वाचलं आणि मला पेढे वाटावेसे वाटले. मग स्वतःचीच लाज वाटली.

त्याच ओळीत, बापाच्या नावाच्या रकान्यात बाबा होता. धंदा – महारकी. आणि नावाच्या शेवटी मास्तरानं 'या' लावलेला. हा 'या' तुम्हाला ठाऊक आहे. नावाला 'या' चिकटवला की माणूस अर्धा होतो. सरकारी वहीतसुद्धा मास्तराला त्याला पूर्ण लिहावंसं वाटलं नाही.

इथून मला नाद लागला.

पहिली अडचण नावाची. नाव घेऊन शोधायला जाल तर फसाल. बाबा मला चार नावांनी सापडला. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत आपली माणसं 'नाक' लावून येतात, अमुकनाक बिन तमुकनाक. बिन म्हणजे त्याचा पोर. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ला पडलेल्यांची जी नावं कोरलीत, त्यांत बावीस नावांच्या शेवटी हा 'नाक' आहे. त्याच्यावरून तर आपण आपली माणसं ओळखतो. पुढे 'नाक' गेलं. गावात 'या' आला. मुंबईला गिरणीत गेलेल्या भाऊबंदांनी आडनाव घेतलं, कुणी गावाला 'कर' लावून, कुणी सायबानं विचारलं तेव्हा तोंडाला येईल ते. एकाच बापाचे दोन भाऊ दोन आडनावांचे. बाबा वतनाच्या कागदात एका नावाचा, शाळेत दुसऱ्या, फेरफारात तिसऱ्या, आणि मेला तेव्हा कोतवाल बुकात चौथ्या. मग ओळखायचा कसा? बापाच्या नावावरून आणि जमिनीतल्या हिश्श्यावरून. हाडोळ्यातला आमचा हिस्सा चार आण्यांचा. नाव बदलतं, चार आणे बदलत नाहीत. हे हिशेबनिसाला कळतं.

दुसरी अडचण मोडीची. विसाव्या शतकातली पहिली काही दशकं गावकामगारांच्या हातून मोडीच उतरत होती. मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर मोडी शिकलो. शिकवणारा ब्राह्मण होता, पेन्शनर, चांगला माणूस. पहिल्या दिवशी विचारलं, "घराण्याचे कागद आहेत का?" म्हटलं, "गुरुजी, घराणं आहे, कागद तुमच्याकडं आहेत." तो हसला. मनापासून हसला, म्हणून शिकलो.

आता वर्तमानपत्रं. काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला, दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी दारांवर बसली. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया, असं चरित्रांतून येतं. पुढे पाच वर्षं तो कमी-जास्त चालू राहिला, दादासाहेब गायकवाडांनी तो ओढला. मला वाटलं, सोपं आहे. आपली पत्रं काढू, याद्या बघू, बाबाचं नाव मिळेल.

'बहिष्कृत भारत' १९२७च्या एप्रिलात सुरू झाला आणि १९२९च्या नोव्हेंबरात बंद पडला. 'समता' त्याच्याही आधी थांबलेलं. 'जनता' निघालं २४ नोव्हेंबर १९३०ला. मधलं वर्ष मोजा. नाशकाला हजारो माणसं चालत आली, मोर्चा मैलभर लांब झाला, रथाच्या दिवशी दगड पडले, आणि त्या सगळ्या महिन्यांत बाबासाहेबांच्या हातात स्वतःचं एकही पत्र चालू नव्हतं. पैसा नव्हता, वर्गणीदार नव्हते. ज्या वर्षी आपण सगळ्यात मोठ्यानं ओरडलो, त्याच वर्षी आपलं तोंड बंद होतं. हे कळलं तेव्हा मी वाचनालयात फाइल मिटून बाहेर आलो आणि दोन चहा प्यालो.

मग उरली दुसऱ्यांची पत्रं. त्यातला महिना आठवा. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. रथाचा दिवस ९ एप्रिल. मी जेवढ्या फाइली उलटल्या त्यांत पानंच्या पानं मीठ. सत्याग्रह हा शब्द तोच, पण एकाला डोक्यावर घेतलेलं आणि दुसऱ्याला कोपऱ्यात. कोपऱ्यातही आपण कसे? 'सुमारे इतके महार'. दगड मारणाऱ्यांत एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचं नाव, हुद्द्यासकट. खाणारे नुसते आकड्यात. मी आठ शनिवार घालवले. बाबा आकड्यात असेल तर असेल. आकड्याला तोंड नसतं.

तरी एक सांगतो, वर्तमानपत्रं सोडू नका. १८५५च्या 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. चौदा वर्षांची मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेतली, दोन अंकांत छापलेला निबंध. त्याच्यापुढे तिचं काय झालं? कुठं दिली, कधी मेली? त्या दोन अंकांत ती जेवढी आहे, तेवढीच आपल्याला मिळाली. ते अंक कुणी रद्दीत घातले असते तर तेवढीही नाही.

वर्तमानपत्रात हरलो, मग महसुलात शिरलो. मला तिथं कुणी जायला सांगितलं नव्हतं. पण हिशेबाचा एक नियम आहे, पैसा जिथं हलतो तिथं नोंद असते. महाराकडं पैसा नव्हता, वतन होतं. सालं वतन! १८७४च्या वतन कायद्यानं बांधून घातलेलं. येसकरपाळीला चोवीस तास राबायचं, सारा पोचवायचा, टपाल न्यायचं, सायबाचा घोडा धरायचा, मेलेलं ओढायचं, आणि बदल्यात हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदारची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याच्यावर बिल आणलं, ते पार पडू दिलं नाही. तीस वर्षांनी, १९५८च्या कायद्यानं हे लोढणं सुटलं. मी या वतनाला शिव्याच देत आलो. आता त्याचं एक देणं मान्य करावं लागतंय.

कचेरीत कागद जाळायचेही नियम असतात. अ, ब, क, ड असे वर्ग. अ म्हणजे कायम ठेवायचा. ब तीस वर्षं. पुढचे त्याहून कमी, शेवटचा तर वर्षाचा पाहुणा. जमीन, हक्क, वतन हे अ. माणसाची तक्रार, अर्ज, कोण कुठं गेला, कुणाला मारलं, हे सगळं खालच्या वर्गात. म्हणजे आपण कुठं ओरडलो ते कागद कायदेशीर यादी करून जाळले गेले. कुणी सूड म्हणून नाही, नियमानं. सूड घेणाऱ्याशी भांडता तरी येतं.

२०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी हुडकायचं काम निघालं, तेव्हा तालुक्या-तालुक्यांची रुमालं सुटली, धूळ झटकली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. आपल्यापैकी कितीजणांनी त्या उघड्या दारातून आत डोकावलं? मी डोकावलो. अर्ज केला, नकलेची फी भरली. तिथल्या कारकुनानं विचारलं, "कुणबी का?" म्हटलं, "नाही हो, महार वतन." तो जरा गप्प झाला आणि मग खालच्या फडताळातनं आपणहून दोन रुमालं काढून दिली. त्याचं आडनाव मी विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही.

दुसऱ्या रुमालात बाबा होता.

एका वतन प्रकरणाला टाचणीनं लावलेले तीन कागद. टाचणी गंजून कागदाला भोक पडलेलं. पहिला कागद पाटलाचा रिपोर्ट. त्यात म्हटलंय की पाळीवरचा येसकर – बाबाचं नाव, 'या' लावून – ता. ७ एप्रिल १९३० ते ता. ११ एप्रिल न सांगता गैरहजर होता, सरकारी टपाल खोळंबलं, आणि तो नाशकास महार लोकांच्या दंग्यात गेल्याचं कळतं.

७ ते ११. मी मघाशी काय सांगितलं? रथ ९ला.

दोस्तांनो, मी त्या खोलीत ओरडलो नाही, पण पाय लटपटायला लागले. मोठी आत्या खरं बोलली होती. ज्या पाटलानं त्याला अडकवायला लिहिलं, त्याच्याच अक्षरानं माझा पणजा नाशकाला पोचला. दुश्मनाच्या तक्रारीपेक्षा भरवशाचा साक्षीदार मला अजून भेटायचाय.

मग दुसरा कागद वाचला आणि आनंद निम्मा झाला. ती साक्ष. देणारा आपल्याच वाड्यातला, भाऊबंद, आमच्या शेजारच्या दाराचा. तो म्हणतो, हा गेला, मी बघितलं, सबब पाळी माझ्याकडं फिरवावी. समजलं का? म्हणून हे प्रकरण वतनाच्या रुमालात गेलं. सत्याग्रहाची तक्रार असती तर केव्हाच जळली असती. पाळीचं भांडण झालं, म्हणून अ वर्ग मिळाला. आपल्याच माणसाच्या चुगलीनं माझा पणजा टिकवला! हसावं का रडावं ते तुम्हीच सांगा. बरं, त्या भाऊबंदाला मी शिव्या घालू? त्याच्या घरी खाणारी सात-आठ तोंडं असतील. गावानं एक भाकरी टाकली आणि दोघांना भुंकत ठेवलं. ही करामत भाकरी टाकणाऱ्याची.

तिसरा कागद जबाब. मामलेदारापुढे, मे महिन्यात. अख्ख्या सरकारी दप्तरात माझा पणजा स्वतःच्या तोंडानं बोलतो अशी ही एकच जागा. आणि तो काय बोलतो? म्हणतो की मी नाशकास गेलो नाही. त्या सत्याग्रहाशी माझा संबंध नाही. अमक्या गावी माझा मेहुणा मयत झाला, म्हणून बहिणीकडं गेलो होतो. सरकारचं काम इमानानं करीत आलो आहे, यापुढेही करीन. खाली डाव्या हाताचा अंगठा. त्याच्याखाली शेरा, ताकीद देऊन प्रकरण दप्तरी दाखल.

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, संपलं. गेलाच नव्हता. सत्तर वर्षं आम्ही एका भाऊबंदाच्या आळाला खरं मानत आलो. दुसऱ्यांदा वाटलं, गेला होता आणि नाकारतोय. तिसऱ्यांदा फक्त अंगठा बघितला. शाई जास्त लागलीय, रेषा दिसत नाहीत. अंगठा दाबून धरला असणार. त्याचा त्यानं, का दुसऱ्या कुणी धरून, ते कागदावर उमटत नाही.

इथं एखादा थांबला असता आणि 'संदिग्ध' असं लिहून प्रबंध पुरा केला असता. मी हिशेबनीस. मेहुण्याच्या मयतीचं व्हाउचर पाहिजे.

मेहुण्याचं गाव दुसऱ्या तालुक्यात. तिथली १९३०ची जन्म-मृत्यूची वही मागवली. कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते यात, जातीसकट. मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिने बघितले. महारवाड्यात त्या तीन महिन्यांत एक बाई आणि दोन तान्ही पोरं मेलेली. मेहुणा नाही. पुढे गेलो. १९३१, ३२, ३५. शेवटी १९४३च्या वहीत मेहुणा मेला. तेच नाव, तोच बाप, ताप येऊन.

म्हणजे जबाब दिला त्या दिवशी मेहुणा ठणठणीत होता आणि पुढची तेरा वर्षं जगला. बाबानं जित्या माणसाला मारून स्वतःला वाचवलं. मला खात्री आहे, मेहुण्याला विचारूनच मारलं असेल. दोघं नंतर हसले असतील.

आता मुद्दा. बाबा नाशकाला गेला, हे मी आज मानतो. पाटलाच्या तारखा, भाऊबंदाची साक्ष, मेहुण्याचं खोटं, आणि पाच वर्षांच्या पोरीनं बघितलेली हळद, हे चारही एका बेरजेला येतात. पण कथेतलं बाकीचं? तुरुंग नाही. १२ एप्रिलला तो गावात हजर झाल्याचं पाटीलच लिहितो, मे महिन्यात जबाब देतो, आणि ३१ जुलैला महसुली वर्ष संपेपर्यंत पाळी त्यानंच पुरी केल्याचा शेरा आहे. तुरुंगाला जागाच उरत नाही. आणि महारकी लाथाडली? कसली लाथाडली! त्याच्यानंतर आजोबांनी केली. १९५८चा कायदा आला, तेव्हा आजोबांनी आकाराच्या पटीत पैसे भरून तो तुकडा नावावर करून घेतला. १९७२च्या दुष्काळात विकला आणि मुंबई गाठली. म्हणून मी वरळीला जन्मलो आणि तुमच्यापुढे उभा आहे.

हे मी घरी सांगितलं. चुलते चौऱ्याऐंशीचे. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "तू हिशेब लिवतोस, लिव. हा कागद कशाला बाहेर काढलास?" गावात नवीन विहार बांधलंय. त्याच्या भिंतीवर लावायला चुलत्यांनी स्वतःच्या पेन्शनीतून काळी फरशी कोरून घेतलीय. बाबाचं नाव आणि खाली 'काळाराम मंदिर सत्याग्रहात कारावास भोगला'. मी म्हटलं, तात्या, कारावास काढा, बाकी ठेवा. ते म्हणाले, "कारावास काढला तर राहिलं काय? जाऊन आला आन् मामलेदाराला म्हनला न्हाई गेलो, हे कोरू?"

मी म्हटलं, हो, हेच कोरा.

ते चिडले. बोलले नाहीत दोन महिने. आणि चिडले ते माझ्या अडाणीपणावर नाही, ते मला नंतर समजलं. साक्ष देणाऱ्या त्या भाऊबंदाचा पणतू आज त्याच विहाराच्या समितीत आहे. चांगला पोरगा आहे, रात्रीची अभ्यासिका चालवतो, तुमच्यासारखाच. तात्यांना भीती, की जबाब बाहेर आला तर साक्षही बाहेर येईल आणि वाड्यात पुन्हा दोन दारं एकमेकांकडं पाठ करतील. शंभर वर्षांपूर्वीची पाळी पुन्हा सुरू. म्हणून नावं घेणार नाही असा शब्द मी दिला. शब्द पाळलाय.

पण तुमच्यापुढे भांडण मांडतो. कारण तुमच्यातही तात्या बसलेत, वय वीस-बावीस असलं तरी. आपल्याला पूर्वज कसा पाहिजे? छाती पुढं, मूठ वर, तुरुंगात ताठ. असे होते, नाही कोण म्हणतं? पण नाशकाला जे हजारोंनी आले, ते पाचव्या दिवशी परत गावाला गेले. गावाला पाटील होता. पाळी होती. पोरांना भाकर पाटलाच्या दारातनं यायची. शहरात घोषणा देऊन लोकल पकडायची आणि चाळीत येऊन झोपायचं, हे आपलं शौर्य. त्याला चाळीस-पन्नास मैल चालून जायचं होतं, दगड खायचा होता आणि परत त्याच चावडीवर जाऊन, फुटक्या डोक्यावर पागोटं ओढून, जोहार मायबाप म्हणायचं होतं. मामलेदारानं विचारल्यावर हो म्हटलं असतं तर पाळी जाती, हाडोळा भाऊबंदाला जाता, आणि माझा आजा १९२८ला ज्या शाळेत बसला तिथनं १९३०ला उठता. तो आजा शिकला नसता तर बाप मुंबईत टिकला नसता. त्या एका खोट्यावर आमच्या चार पिढ्या उभ्या आहेत. मला तरी त्याची लाज वाटत नाही. उलट मला वाटतं, मामलेदाराच्या टेबलापाशी उभं राहून त्यानं दुसऱ्यांदा सत्याग्रह केला, असं म्हणावं. पण हे वाक्यही जरा जास्तच होतं. भाषणात होतं असं. तो घाबरलाही असेल. घाबरू दे की. घाबरूनही तो गेला होता.

फरशी अजून लागलेली नाही. विहाराच्या मागं गोणपाटात गुंडाळून ठेवलीय. दिवाळीत गेलो तेव्हा तात्यांनी मला मागं नेलं, गोणपाट सोडला, कारावास या शब्दावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे पाथरवटाकडनं घासून निघंल का रं?" निघेल म्हटलं, पण तिथं खड्डा राहील. ते म्हणाले, "ऱ्हाऊं दे खड्डा. बघू."

एवढं सांगून बसणार होतो, पण एक राहिलं. मोठी आत्या हळदीचं सांगायची, त्याच्यापुढचं वाक्य आम्ही कधी धरलंच नाही. ती म्हणायची, "आयचं लुगडं फाटकं व्हतं, आन् आय त्याच्यासंगच आली व्हती राती." आम्ही ऐकायचो आणि सोडून द्यायचो. आता मला झोप येत नाही. आय त्याच्यासंग कुठनं आली होती? पहिल्या तुकडीत पंचवीस बाया होत्या. रथाच्या दिवशी किती असतील? वतनात बाईचं नाव नाही, पाळीत नाही, साक्षीला कुणी बोलावलं नाही, म्हणून खोटं बोलायचीही वेळ तिच्यावर आली नाही. शाळेच्या रजिस्टरात आईच्या नावाला रकानाच नव्हता. पाटलाला ती गैरहजर असल्याचं जाणवलंसुद्धा नसणार. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं, ते गावोगाव जाऊन, म्हाताऱ्या बायांसमोर बसून, जित्या तोंडून ऐकून. ती तोंडं आता राहिली नाहीत. आमच्या मोठ्या आत्याला मी विचारलं नाही. मला वीस वर्षं मिळाली होती विचारायला.

तिचं माहेर कुठलं, ते मला आताशी कळलंय. सिन्नरकडचं एक गाव. तिथल्या जुन्या वह्या तालुक्याला आहेत, बऱ्याच मोडीत, काही वाळवीनं खाल्लेल्या. येत्या दुसऱ्या शनिवारी मी जातोय. सकाळी सहाची गाडी, दादरहून. ज्यांना यायचं त्यांनी जाताना दाराशी वहीत नाव लिहा, भाकरी आपापली आणा. मोडी येणारा आणखी एक तरी पाहिजे. आणि पोरी आल्या तर बरं, कारण तिथं गावात अजून एक म्हातारी आहे म्हणतात, नव्वदीची, आणि ती म्हणे पुरुषांशी बोलत नाही.